ओंगेंची साठ हजार वर्षं

अंदमान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सेल्युलर जेल येतो. मला आज बोलायचं आहे ते कैद्यांच्या कितीतरी आधीपासून तिथे राहणाऱ्यांविषयी: ओंगे, जारवा, ग्रेट अंदमानी, सेंटिनली. २०११च्या जनगणनेत ओंगे भरले अवघे १०१.

काळा वर्ण, कुरळे केस, ठेंगणी चण. एवढ्यावरून जुन्या युरोपीय अभ्यासकांनी त्यांची सोयरीक थेट आफ्रिकेशी जुळवली होती. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणवीय जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत लालजी सिंग आणि के. थंगराज यांनी डीएनए तपासला, तेव्हा ती मोडली. ओंगे आणि जारवा पुरुषांचं, म्हणजे बापाकडून मुलाकडे येणारं, वाय गुणसूत्र ‘डी’ गटातलं निघालं. त्या गटाचे नातलग तिबेटात आणि जपानात भेटतात. आफ्रिकेतून तर आपण सगळेच आलो. ते मूळ एकट्या ओंगेंच्याच माथी का मारावं?

२००५ साली याच मंडळींचा ‘सायन्स’मधला निबंध गाजला. त्यात मायटोकॉन्ड्रियातला, म्हणजे फक्त आईकडून येणारा डीएनए वाचलेला होता. अंदमानींत त्याच्या दोन फार जुन्या शाखा मिळाल्या, एम-३१ आणि एम-३२. झालं, ‘साठ हजार वर्षं एकटे राहिलेले लोक’ असं जो तो म्हणू लागला. पण शाखा कधी फुटली आणि माणसं बेटावर कधी उतरली, हे दोन निराळे प्रश्न आहेत. शाखा मुख्य भूमीवर फुटलेली असेल आणि ती घेऊन माणसं हजारो वर्षांनी होडीत बसली असतील. २००६ मध्ये एम-३१चे भाऊबंद भारताच्या मुख्य भूमीवरच सापडले आणि हा वाद पेटला.

शिवाय दहा पिढ्या मागे गेलात तर त्या पिढीत तुमच्या पूर्वजांच्या जागा होतात १,०२४. मायटोकॉन्ड्रिया बोलतो त्यांतल्या एकीविषयी. आणि माणसं शंभरावर आली की काही घराण्यांचा वंश निव्वळ योगायोगानं खुंटतो. मग उरलेला डीएनए मूळ समूहाचा किती आणि त्या योगायोगाचा किती, हे वेगळं काढणं महाकठीण.

ग्रेट अंदमानींचा दाखला मला सर्वांत बोलका वाटतो. आईकडचा वारसा जुना, बेटावरचाच. पुरुषांची वाय गुणसूत्रं मात्र ‘डी’ नव्हेत, बाहेरच्या गटांतली. १८५८ साली इंग्रजांनी पोर्ट ब्लेअरला कैद्यांची वसाहत बसवली. मागोमाग उपदंश आला, गोवर आला. हजारोंनी असलेले हे लोक १९६१ मध्ये १९ उरले, आणि उरलेल्या बायकांनी बाहेरच्या पुरुषांशी संसार मांडले. वसाहतीच्या कागदपत्रांत जे चाचपडत शोधावं लागतं, ते इथे नातवंडांच्या पेशींत उतरलेलं आहे.

सेंटिनली लोकांचा डीएनए आजवर कुणी तपासलेला नाही. त्यांच्या नावावर साठ हजार वर्षं छापली जातात, ती ओंगेंच्या रक्तावरून उसनी घेतलेली असतात.