शेकरूचे रक्षण आणि श्रावकाची जीवदया
(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जीवदया हा शब्द उच्चारताच श्रावकाच्या डोळ्यांपुढे पांजरपोळ येते, गोशाळेचा चारा येतो, पक्ष्यांचे दाणापाणी येते. हे सारे पुण्यकर्मच होय. परंतु विश्रांतवाडीहून सुमारे शंभर किलोमीटरवर, भीमाशंकरच्या रानात, असा एक जीव राहतो की ज्याला कोणाच्याही दाण्याची गरज नाही. त्याला हवी आहे केवळ न तोडलेली फांदी. तो जीव म्हणजे महाराष्ट्राचा राज्यप्राणी, शेकरू.

अंगणातील खारीचे हे थोरले भावंड. तांबूस-तपकिरी पाठ, फिकट पोट आणि अंगाहून लांब झुपकेदार शेपूट. उंबर, जांभूळ, आंबा यांच्या फळांवर त्याचा निर्वाह चालतो. एकच शेकरू काटक्या-पानांची अनेक घरटी बांधते. मादीला बहुधा एक किंवा दोनच पिले होतात. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरते. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर सुमारे वीस फुटांची झेप घेऊन ते फिरते. म्हणून त्याचे जगणे झाडांच्या संख्येवर जितके, तितकेच झाडांच्या सलगपणावर अवलंबून असते. कापडाचा तागा मधोमध फाडला तर वजनात काही उणे होत नाही, पण तो तागा राहत नाही. रानाचेही तसेच आहे. मधली चार झाडे गेली की शेकरूसाठी एका रानाची दोन राने होतात.

या प्राण्याच्या रक्षणासाठी १९८५ साली भीमाशंकर अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १३० चौरस किलोमीटर आहे. परंतु कायद्याच्याही कितीतरी आधी हे रान लोकांनी राखले होते. देवाच्या नावाने सोडलेल्या देवराईत कुऱ्हाड चालवायची नाही, हा गावोगावचा दंडक होता. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ या पुण्याच्या शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतील अशा देवराया अभ्यासून त्यांचे मोल जगापुढे मांडले. आंबेगाव तालुक्यातील आहुपे येथील देवराई त्या परंपरेची आजही साक्ष देते.

जैन आचारशास्त्र याहून वेगळे काय सांगते? श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांत अंगारकर्म, म्हणजे कोळसा पाडण्यासारखे धंदे, आणि वनकर्म, म्हणजे झाडे तोडून विकण्याचा धंदा, यांचा समावेश आहे. वनस्पती हा एकेंद्रिय जीव. त्याच्या आधाराने राहणारे शेकरू पंचेंद्रिय. एका घावात दोघांचीही हिंसा घडते.

दूरदेशीचे एक उदाहरण विचारात घेण्याजोगे आहे. इंग्लंडमध्ये १८७६ साली अमेरिकेतील करड्या खारी हौसेने आणून सोडल्या गेल्या. त्या वाढल्या आणि त्यांनी वाहून नेलेल्या देवीसारख्या रोगाने तेथील मूळच्या लाल खारी मरू लागल्या. आज तेथील नागरिक खारींच्या नोंदी ठेवतात, रानात राबतात. परंतु लाल खार वाचविण्यासाठी करड्या खारीचा जीव घ्यावा लागतो, हे धर्मसंकट त्यांच्यापुढे उभे आहे. महाराष्ट्राचे भाग्य असे, की शेकरू वाचविण्यासाठी कोणालाही मारावे लागत नाही. संयम पुरेसा आहे.

मात्र तो संयम कोणी पाळायचा? रानालगतच्या आदिवासी शेतकऱ्याला राब भाजण्यासाठी फांद्या लागतात, चुलीला सरपण लागते. त्याला हिंसेचा दोष देऊन शहराने हात झटकणे हा न्याय नव्हे. त्याने झाड राखावे असे वाटत असेल, तर त्याची गरज भागविण्यात शहराचाही वाटा हवा. वनहक्क कायदा, २००६ ने ग्रामसभांना वनरक्षणाचा अधिकार दिला आहे. जीवदया निधीतील काही भाग ग्रामसभेला विचारून सुधारित चुली, रोपवाटिका, वणवा रोखणाऱ्या जाळरेषा आणि हिरड्याला रास्त भाव यांसाठी खर्च झाला, तर ते दान शेकरूपर्यंत निश्चित पोहोचेल.

आणि यात्रिकाचे कर्तव्य? शेकरू वा माकडांना बिस्किटे, फरसाण घालू नये. त्या खाऊने प्राण्याची सवय बिघडते आणि जीव धोक्यात येतो. प्लॅस्टिक रानात टाकू नये, विडी-काडी पेटवू नये. घरी परतल्यावर विश्रांतवाडीच्या सोसायटीत झाडांची छाटणी करण्यापूर्वी फांदीवर खारीचे वा पक्ष्याचे घरटे नाही ना, एवढे तरी पाहावे.

सर्व जीव परस्परांना उपकारक आहेत, ही तत्त्वार्थसूत्राची शिकवण. शेकरूने टाकलेल्या बीतून रानात नवे झाड उगवते. त्याच रानात भीमा उगम पावते. उपकाराची ही फेड घास देऊन होणार नाही, हात आवरूनच होईल. संस्थेच्या पुढील पन्नास वर्षांत जीवदयेच्या हिशेबवहीत राखलेल्या झाडांचेही एक खाते उघडले जावो, हीच शासनदेवाचरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र.