झिजलेला बूट पिशवीत घाला आणि दाखवा

(गार्चिंग इथे एका रविवारी कामगारांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आठवड्याची एकच सुट्टी, तरी तुम्ही यू-६ पकडून इथपर्यंत आलात, त्याबद्दल आभार. आधी एक काम करा. पायातला बूट काढा, उलटा धरा आणि तळ बघा. लाजू नका, इथे सगळेच दिवसभर उभं राहून पोट भरणारे आहोत.

टाचेचा मागचा, बाहेरच्या अंगाचा कोपरा थोडा झिजलाय? मग काळजी नको. चालताना बहुतेकांची टाच आधी तिथेच टेकते. आतली कड बसली असेल तर पाऊल आत कलत असावं. तळवा सपाट असला की बऱ्याचदा असं होतं. टाचेपासून करंगळीपर्यंत बाहेरचीच कड गेली असेल तर उलट. आणि दोनांपैकी एकच बूट जास्त झिजला असेल तर भार एका पायावर पडत असेल. याचा अर्थ आजार आहेच असं नाही. पण सोबत टाच, गुडघा किंवा कंबर दुखत असेल, तर तो बूट डॉक्टरला नक्की दाखवा.

आता माझंच सांगतो. इथलं पहिलं काम गोदामात मिळालं. पहिल्याच दिवशी आधीच्या कामगाराचे बूट हातात ठेवले. 'चांगले आहेत, घाल.' एक नंबर मोठे आणि आतल्या बाजूने खचलेले. चाल त्याची, पाय माझे! दोन-दोन मोजे घालून दिवस काढले. तीन महिन्यांनी सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा घुसल्यासारखं व्हायचं. मी काय केलं? बाजारातून जेलची गादी आणली, बुटात कोंबली आणि गप्प बसलो. बोललो तर काढून टाकतील ही भीती. गादी कोंबली ही एक चूक, गप्प बसलो ही दुसरी आणि मोठी चूक.

कायदा काय म्हणतो ते ऐका. जिथे कामाला सेफ्टी बूट लागतात, तिथे ते मालकाने द्यायचे. १९९६ च्या कामगार-संरक्षण कायद्याच्या कलम ३ मध्ये स्पष्ट आहे की सुरक्षेचा खर्च कामगारावर टाकता येत नाही. म्हणजे त्या बुटांसाठी पगारातून पैसे कापणं चालत नाही. त्याच वर्षीच्या संरक्षक साधनांच्या नियमात अजून दोन गोष्टी आहेत. साधन त्या-त्या माणसाला नीट बसलं पाहिजे आणि मुळात ते एकाच माणसाने वापरायचं असतं. तळ गुळगुळीत झाला, सोल सुटला, तर बदलून देणंही मालकाकडेच. ज्यांच्या कामाला असे बूट लागत नाहीत, त्यांना मात्र स्वतःचेच घ्यावे लागतात.

मग गादी घालण्यात काय चुकलं? सेफ्टी बुटाची टोपी २०० जूलचा मार सोसते, म्हणजे साधारण २० किलोचं ओझं एक मीटरवरून पडल्याइतका. बूट तपासला जातो तो त्याच्या आतल्या गादीसकट. आपण जाड गादी घातली की पाऊल वर उचललं जातं, बोटं टोपीला घासतात आणि अंगातली स्थिर वीज जमिनीत जाण्याची सोयही बिघडू शकते. त्या बुटासोबत तपासून मान्य झालेलीच गादी घालायची. अशा गाद्या मिळतात. पायाच्या मापाने बनवूनही मिळतात.

त्याची वाट अशी. आधी घरच्या डॉक्टरकडे किंवा हाडांच्या डॉक्टरकडे जा. रोजच्या बुटासाठी गादीची चिठ्ठी दिली, तर सरकारी आरोग्य विम्यात साधारण ५ ते १० युरो आपले जातात. कामाच्या बुटासाठी वाट वेगळी. अपघाताने पाय बिघडला असेल तर बेरूफ्सगेनोसनशाफ्ट, म्हणजे कामाच्या अपघातांचा विमा. तसं नसेल आणि पेन्शनचा हप्ता १५ वर्षं भरला असेल तर रेंटनफरझिशरुंग. आपल्यातले बरेच जण नवे आहेत, त्यांनी आगेन्टूअर फ्युअर आर्बाइट, म्हणजे रोजगार कार्यालयात विचारायचं. एक गोष्ट गाठीला बांधा : आधी अर्ज, मग खरेदी. पावती घेऊन नंतर गेलात तर पैसे अडकू शकतात.

कंपनीचा डॉक्टर असतो, त्याला बेट्रीब्सआर्त्स्ट म्हणतात. त्याच्याशी मोकळं बोला. तुमचं दुखणं तुमच्या परवानगीशिवाय मालकाला सांगायला त्याला बंदी आहे. आणि आपला हक्क मागितला म्हणून शिक्षा करायला मालकालाही कायद्याने मनाई आहे. कामगारांचं मंडळ, म्हणजे बेट्रीब्सराट, असेल तर त्यांना सोबत घ्या. युरोपबाहेरून आलेल्यांना 'फेअर इंटिग्रेशन', जर्मनमध्ये 'फेरे इंटेग्रात्सिओन', ही सल्ला केंद्रं फुकट मदत करतात.

भाषा येत नाही म्हणून अडू नका. एवढं वाक्य पाठ करा : 'डी शूअ पासन मिअर निष्ट.' बूट मला बसत नाहीत. तोंडी सांगून झालं की तेच लिहून द्या, तारीख घाला, फोटो काढून ठेवा.

बूट घालून बघायचे ते काम संपल्यावर, कारण संध्याकाळी पाऊल सुजलेलं असतं. दोन्ही पाय मोजा, मोठ्या पायाचा नंबर घ्या. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. आपल्यातल्या अनेकांचा चवडा रुंद असतो, चपलांची सवय. म्हणून नंबर वाढवण्याऐवजी रुंदी विचारा, सेफ्टी बूट वेगवेगळ्या रुंदीत येतात. लांबी वाढवली की टाच निसटते आणि फोड येतात.

ज्यांना साखरेचा त्रास आहे त्यांनी रोज रात्री तळवे बघा. पाय बधिर झाला की खडा टोचलेलाही कळत नाही. जखम दिसली तर तसंच कामावर जाऊ नका, डॉक्टर गाठा.

माझी टाच बरी झाली, पण वर्ष गेलं. पहिल्या आठवड्यात ते वाक्य बोललो असतो तर कदाचित एवढं झालं नसतं. घरी फोनवर आपण 'सगळं बरं आहे' म्हणतो, आईला काळजी नको म्हणून. आईला तसं सांगा हवं तर. पण कामावर तसं सांगू नका. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, म्हणून बोलायचंही त्यानेच.

उद्या सोमवार. ज्याचा बूट वाकडा झिजलाय, त्याने तो पिशवीत घालावा आणि दाखवावा. एकट्याने जायची भीती वाटत असेल तर आत्ता मला सांगा, आपण दोघं जाऊ.