तीन टिंबं



मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. 2009 साली शिक्षणसेवक म्हणून लागले. पहिल्या सहामाहीचे पेपर वाटून झाले आणि आठवीतला एक मुलगा आपला पेपर घेऊन टेबलाशी आला. शुद्धलेखनाचे त्याचे मी तीन गुण कापले होते. "बाई, मी इथं टिंब दिलंच नाही," तो म्हणाला. शब्द होता 'मुलांनी'. 'ला'वरचं टिंब जागच्या जागी होतं. मला मात्र शेजारी 'नी'च्या डोक्यावर आणखी एक टिंब दिसत होतं, आणि त्याच्याही पुढे एक फिकट, पुसल्यासारखं. मी पेपर खिडकीपाशी नेला, डोळे बारीक करून पाहिलं. पोरगं खरं बोलत होतं.

त्याचे गुण त्याला दिले. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाचे पेपर परत मागवले आणि घरी धाकट्या बहिणीकडून वाचून घेत पुन्हा तपासले. आणखी किती जणांवर मी असा अन्याय केला होता ते त्या रात्री कळलं. अनुस्वाराला जपा म्हणून मुलांच्या मागे लागणारी मी, आणि मलाच एका टिंबाची तीन दिसत होती.

चष्मा अकरावीपासून होता. दर सहा-आठ महिन्यांनी नंबर बदलायचा, नवी काच यायची, चार दिवस बरं वाटायचं. उन्हाळ्यात डोळ्यांना भयंकर खाज सुटायची आणि मी मुठी वळून ते चोळत बसायची. चोळताना फार बरं वाटतं, हे ज्यांना ॲलर्जी आहे त्यांना सांगायला नको. त्या चोळण्याचा आणि या टिंबांचा काही संबंध असेल असं आमच्या घरात कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

निदान झालं ते लग्नाच्या बोलण्यांमुळे. जाड काचांमुळे स्थळं अडतात असं मावशीचं म्हणणं होतं. म्हणून 2010च्या मे महिन्यात लेझरनं चष्मा घालवायला मला पुण्याला नेलं. ऑपरेशनच्या आधी एका यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसवलं आणि बुबुळाचा रंगीत नकाशा छापून काढला. भूगोलाच्या पुस्तकात डोंगराच्या समोच्च रेषा असतात ना, तसा. मधोमध, जरा खालच्या अंगाला, एक लालभडक टेकाड होतं. डॉक्टर म्हणाले, "हे ऑपरेशन तुमच्यासाठी नाही. केलं तर डोळा आणखी बिघडेल." नकार देणाऱ्या त्या डॉक्टरांची मी आजही ऋणी आहे. लेझरनं मुळातच पातळ झालेलं बुबुळ आणखी पातळ केलं असतं.

या आजाराला केराटोकोनस म्हणतात. डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे ज्याला मी बुबुळ म्हणते आहे तो कॉर्निया, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो आणि डोळ्यात शिरणारा प्रकाश वळवण्याचं दोन-तृतीयांश काम तो एकटा करतो. या आजारात तो मध्येच पातळ आणि कमजोर होतो, आतल्या दाबानं पुढे फुगतो, आणि गोल घुमटाऐवजी शंकू तयार होतो. वेगवेगळ्या उतारांवरून शिरलेला प्रकाश एका जागी जमतच नाही. म्हणून एका दिव्याचे चार दिवे, चंद्राला शेपूट, आणि अक्षरांना सावल्या. डॉक्टरांनी माझ्या डोळ्यासमोर सुईच्या भोकाएवढं छिद्र असलेली चकती धरली तेव्हा तक्त्यावरची अक्षरं एकदम सुटी, स्वच्छ झाली. मी चकित झाले. छिद्रातून प्रकाशाची बारीकशी शलाकाच आत जाते, बाकीचे उतार झाकले जातात. डोळे बारीक केल्यावर ते टिंब एकच का दिसलं होतं तेही तेव्हा कळलं.

आजार नवा नाही. लिव्हरपूलच्या जॉन नॉटिंगहॅम या डॉक्टरांनी 1854 साली त्याचं सविस्तर वर्णन लिहून ठेवलं आहे. आणि तो दूरचाही नाही. नागपूरच्या बाजूच्या खेड्यांत तिशीच्या पुढच्या 4,667 लोकांचे डोळे तपासले गेले, त्याचा अहवाल 2009 साली प्रसिद्ध झाला. बुबुळाची वक्रता 48 डायॉप्टर किंवा त्याहून जास्त हा निकष लावल्यावर शंभरात दोनांहून थोडे अधिक लोक त्यात बसले. निकष ढोबळ आहे असं काही जण म्हणतील, आणि ते म्हणणं खोटं नाही. तरी आपल्याकडे हा आजार सहज दुर्लक्ष करावं इतका विरळ नाही, एवढं त्यावरून दिसतं.

निदान झालं त्याच्या पुढच्या वर्षी माझ्या दोन्ही डोळ्यांवर क्रॉसलिंकिंग झालं. ही पद्धत जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये तयार झाली, 2003 साली तिचे रुग्णांवरचे निष्कर्ष छापून आले. रायबोफ्लेविनचे, म्हणजे बी-2 जीवनसत्त्वाचे, पिवळे थेंब डोळ्यात मुरवतात आणि वरून अर्धा तास अतिनील प्रकाश सोडतात. त्यानं बुबुळातल्या तंतूंमध्ये नवे बंध तयार होतात, पडदा कडक होतो आणि शंकू वाढायचा थांबतो. थांबतो, बहुतेक वेळा मागे फारसा जात नाही. नजर परत येत नाही, हे मला आधी नीट समजलं नव्हतं. पट्टी निघाल्यावर मी कॅलेंडरकडे पाहिलं आणि तीन टिंबं तशीच होती. त्या दिवशी मी खूप रडले.

नजर मिळते ती लेन्सनं. आणि खरी वणवण तिथून सुरू झाली.

पहिल्यांदा एका दुकानात मऊ लेन्स मिळाली. घातलेली कळायचीही नाही इतकी सुखाची, पण दिसण्यात काही फरक नाही. आता कारण कळतं. ओलं फडकं मडक्यावर टाकलं की ते मडक्याचाच आकार घेतं. साधी मऊ लेन्सही शंकूवर पसरून शंकूच होते. उंचवटा झाकायला स्वतःचा आकार न सोडणारी लेन्स लागते. ती बुबुळावर टेकते, तिच्या नि बुबुळाच्या मधल्या खाचा अश्रूंनी भरतात, आणि प्रकाशाला पुढे एक नवा, गुळगुळीत घुमट मिळतो. अशा लेन्सला आरजीपी म्हणतात. दुकानात तिलाच 'सेमी-सॉफ्ट' म्हणतात, पण डोळ्यात ती मऊ अजिबात लागत नाही.

ती बसवणं हे ब्लाउज बेतण्यासारखं काम आहे. तपासनीसाकडे चाचणीच्या लेन्सचा डबा असतो, प्रत्येकीवर वक्रतेचा आकडा. साध्या डोळ्याला 7.80 मिलिमीटरच्या आसपासची वक्रता चालते, माझ्या डाव्या डोळ्याला 6.30च्या खाली-वर शोधावं लागलं. आकडा जितका लहान, तितका उतार तीव्र. लेन्स घालायची, केशरी पट्टीनं डोळ्यात रंग लावायचा आणि निळ्या प्रकाशात पाहायचं. जिथं अश्रू साठलेत तिथं हिरवं चमकतं, जिथं लेन्स टेकते तिथं काळोख. टोकावर दाबली तर वर्षानुवर्षं घासून व्रण पडतो. फार उंच राहिली तर बुडबुडा अडकतो आणि पापणीच्या फटकाऱ्यानं ती उडून जाते. या दोहोंच्या मधली जागा केसाच्या जाडीएवढी असते.

उजव्या डोळ्याची लेन्स तिसऱ्या खेपेला जमली. ती घालून पुण्याच्या स्वारगेट स्थानकावर आले तर समोर गाडीची पाटी: पंढरपूर. त्यावर एक टिंब, एकच. मी तिथंच उभी राहिले, आणि माझी गाडी निघून गेली.

डावा डोळा मात्र ऐकेना. चार लेन्स झाल्या. एक शाळेच्या नळावर हात धुताना पडली आणि मोरीतून गेली. एक दुपारपर्यंत टिकायची, मग डोळा लाल. शिक्षकाच्या नोकरीत तर खडू आहेच. खडूचा एक कण कडक लेन्सखाली गेला की काय होतं ते शब्दांत सांगता येणार नाही. फळ्याकडे तोंड करून, पदरानं डोळा धरून मी उभी असायची आणि मागे वर्ग चिडीचूप व्हायचा. दर खेपेला पहाटेची एसटी, एक रजा, आणि शिक्षणसेवकाच्या मानधनातून लेन्सचे पैसे. शेवटी एका ठिकाणी सांगण्यात आलं, "बाई, तुमच्या डोळ्याला लेन्स बसणारच नाही." मी ते मानलं. दोन वर्षं एका डोळ्यावर काढली. संध्याकाळी वाचन सोडलं. रेडिओ तेव्हा माझ्या उशाशी आला.

2016 साली बहिणीनं हट्टानं मला दुसऱ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण ऑप्टोमेट्रिस्ट ताईंनी माझी सगळी जुनी कागदपत्रं टेबलावर मांडली आणि पाऊण तास नुसतं ऐकलं. मग म्हणाल्या, "या चार लेन्स बसल्या नाहीत, एवढंच यात लिहिलंय. तुमच्या डोळ्याबद्दल वेगळं काही नाही लिहिलेलं." हे वाक्य मी आज तुमच्यापुढे मुद्दाम ठेवते आहे, कारण 'बसत नाही' हे ऐकून घरी बसलेले माझ्यासारखे बरेच जण मला पुढे भेटले.

त्यांनी मला स्क्लेरल लेन्स लावली. ही आकारानं मोठी. साधी कडक लेन्स 9-10 मिलिमीटरची, तर ही 14 ते 20च्या घरातली. ती बुबुळाला टेकतच नाही, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर बसते आणि शंकूवरून कमान टाकते. कल्पना मात्र फार जुनी. 1888 साली झुरिकमध्ये अडॉल्फ फिक यांनी काचेच्या अशा वाट्या घडवल्या, सशांच्या डोळ्यांवर, मग स्वतःच्या डोळ्यांवर घालून पाहिल्या, आत साखरेचं पाणी भरलं. त्याच वर्षी पॅरिसमध्ये युजीन काल्त हे डॉक्टर शंकू झालेल्या बुबुळांवर काच बसवून बघत होते. म्हणजे कॉन्टॅक्ट लेन्सच्या जन्मापासून तिच्यापुढे आमचाच आजार होता. मला याचा विलक्षण आधार वाटतो. त्या काचेतून प्राणवायू जात नसे, दोन-तीन तासांत डोळा थकायचा. आजच्या प्लास्टिकमधून तो जातो, म्हणून मी पूर्ण शाळा भरवू शकते.

सोपं मात्र काही नसतं. रोज सकाळी लेन्सच्या वाटीत निर्जंतुक सलाइन काठोकाठ भरायचं, मान खाली घालून जमिनीकडे बघत ती डोळ्यात चढवायची. बुडबुडा राहिला तर काढा, पुन्हा भरा. मला पहिल्या दिवशी एक तास लागला, आता चार मिनिटं. मधल्या सुट्टीत कधी आत गढूळपणा येतो, काढून धुऊन परत घालावी लागते, त्यासाठी मुख्याध्यापकांनी मला प्रयोगशाळेतला कोपरा दिलाय. रात्री ती रबरी चोखणीनं काढायची. नळाचं, बोअरचं, माठाचं, कुठलंही पाणी तिला लावायचं नाही. त्यातल्या अमीबासारख्या जंतूनं बुबुळ कायमचं जाऊ शकतं. लेन्स घालून झोपायचं नाही. डोळा दुखला, लाल झाला तर लेन्स काढायची आणि त्याच दिवशी दाखवायचं.

पैशाचं बोलायला हवं. ही लेन्स महाग आहे, काही वर्षांनी बदलावी लागते. चष्म्यासारखी हौसेची वस्तू समजून तिच्याकडे पाहिलं जातं, पण मला चष्म्यानं जे दिसत नाही ते हिच्यानं दिसतं. लंगड्या माणसाच्या कुबडीला कुणी हौस म्हणत नाही.

मागच्या वर्षी नववीत एक मुलगा होता, फळ्याकडे मान वाकडी करून बघायचा आणि सारखा डोळे चोळायचा. दोन वर्षांत तीन चष्मे झाले होते. मी त्याच्या आईला बोलावलं आणि बुबुळाचा नकाशा काढून आणायला सांगितलं. दोन्ही डोळ्यांत सुरुवात होती. कोवळ्या वयात हा आजार भराभर वाढतो, म्हणून लगेच क्रॉसलिंकिंग झालं. आता ॲलर्जीचे थेंब आणि गार पाण्याची पट्टी, चोळणं बंद. तो अजून चष्म्यावरच वाचतो.

ऐकणाऱ्यांत कुणाच्या मुलाचा नंबर असा सारखा बदलत असेल तर आज रात्री एक करा. त्याला अंगणात न्या, एक डोळा तळहातानं झाका, दाबू नका, आणि लांबच्या खांबावरचा दिवा दाखवा. मग दुसरा डोळा झाका. प्रत्येक डोळ्याला किती दिवे दिसतात ते विचारा. एकाहून जास्त सांगितले, तर चष्म्याच्या दुकानात न जाता नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि बुबुळाचा नकाशा मागा.