दसऱ्यानंतरचा वर्ग

अधिवेशनासाठी रात्रभर एसटीने प्रवास करून आलेल्या शिक्षक बंधुभगिनींनो,

बीड शहरात आपले मनापासून स्वागत. स्वागताध्यक्षाने मांडव, पाणी आणि जेवण सांभाळावे, भाषण लांबवू नये, अशी चांगली रीत आहे. मी कापसाच्या धंद्यातला माणूस. मुलांना कसे शिकवावे हे तुम्हाला सांगायला माझी जीभ रेटणार नाही. आज संध्याकाळी कंकालेश्वराचे मंदिर आणि खजिना विहीर दाखवायची सोय केली आहे. उद्या अंबाजोगाईला मुकुंदराजांच्या समाधीवर जायचे असेल, तर बाहेरच्या टेबलावर नाव नोंदवा. जेवणात पिठलं-भाकरी आहे आणि सीताफळांचे दिवस असल्याने ती भरपूर आहेत. इथवर माझे काम झाले. आता यजमानाच्या हक्काने थोडे बोलतो.

सहावी ते आठवीच्या मुलांचे शिकणे आणि त्यांचे मन, हा विषय घेऊन आपण ज्या आठवड्यात इथे जमलात, त्याच आठवड्यात या जिल्ह्यातले वर्ग रिकामे होत आहेत. येताना रस्त्यात ट्रक दिसले असतील. भांडी, गोधड्या, एखादी शेळी आणि त्या सगळ्यावर बसलेली पोरं. दसरा झाला, ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. टोळीच्या मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते, ती हंगामाचा पट्टा पडेपर्यंत फेडायची. कुणी सांगलीकडे जातो, कुणी कोल्हापूरला, कुणी थेट बेळगावच्या साखर कारखान्यावर. परत यायला मार्च उजाडतो, कधी एप्रिल. शिक्षण हक्क कायद्याने या वर्गांना वर्षाचे २२० दिवस ठरवून दिले आहेत. त्यातले जवळजवळ निम्मे या मुलांचे उसाच्या फडात जातात.

लहान मुलाचे एक बरे असते. पहिली-दुसरीतला परत आला की दोन दिवस रडतो, तिसऱ्या दिवशी वर्गात रमतो. सातवीतला रडत नाही. त्याला आता चारचौघांत आपण कसे दिसतो हे कळायला लागलेले असते. फळ्यावर समीकरणे चाललेली, शेजारच्याची वही भरलेली, आपली नोव्हेंबरपासून कोरी. हातावर पाचटाने चरे पडलेले. त्यात गुरुजी भर वर्गात विचारतात, “इतके दिवस कुठे होतास रे?” कुठे होता हे साऱ्या गावाला ठाऊक असते. पोरगा कानकोंडा होतो, दोन-चार दिवस मागच्या बाकावर काढतो आणि मग येत नाही. पटावर नाव राहते, मूल गेलेले असते. मला वाटते, आमच्याकडच्या बऱ्याच मुलांचे शिक्षण त्या पहिल्याच तासाला संपते. गणित राहिले होते ते भरून काढता आले असते. मान खाली गेली ती त्याला एकट्याने वर करता येत नाही.

आणि गंमत अशी की ज्याला आपण मागे पडलेला म्हणतो, तोच फडात घरचा कारकून असतो. गाडी किती टन भरली, काट्यावर किती उतरली, टनाला भाव काय, उचलीतून किती वळते झाले, हे सगळे बापाला तोच वाचून दाखवतो. मुकादमाच्या डायरीतली चूक बारा वर्षांच्या मुलीने पकडलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. मुकादम आधी हसला, मग गुमान आकडा खोडला. हीच मुलगी शाळेत शेकडेवारीच्या धड्याला ‘कच्ची’ ठरते. एप्रिलच्या पहिल्या तासाला तिच्याकडून तो टनांचा हिशोब फळ्यावर मांडून घ्यायला काय हरकत आहे? त्यासाठी कुठल्या परिपत्रकाची वाट पाहायला नको.

सरकारने काही केले नाही असे म्हणणे खोटे ठरेल. हंगामी वसतिगृहे आहेत. शिक्षण हमी कार्ड आहे, ते दाखवले की कारखान्याजवळच्या शाळेत बसता येते. पण बेळगावकडची शाळा कानडी निघाली तर ते कार्ड काय करणार? आणि तेराव्या वर्षी फडावर गेलेले मूल शाळेच्या वाटेला लागण्याआधी मोळ्या बांधायला लागते, थोरली मुलगी असेल तर धाकट्याला कडेवर घेते.

मागे राहतात त्यांच्याबद्दलही बोललेच पाहिजे. आजीजवळ किंवा वसतिगृहात सहा महिने राहिलेल्या मुलाला पोटभर जेवण मिळते, तरी संध्याकाळी त्याचे लक्ष उडते, कारण आई फडावरून कोपीवर, म्हणजे झोपडीवर, परतायची ती वेळ असते. आमच्या भागातल्या एका शाळेत बाई रोज त्या वेळी आपला फोन मुलांच्या हाती देतात. पाळीपाळीने दोन-दोन मिनिटे. रेंज मिळाली तर बोलणे होते, नाही मिळाली तर बाई दुसऱ्या दिवशी त्याचा नंबर पहिला लावतात. आपल्या खेड्यातल्या शाळेत समुपदेशकाची खुर्ची कुणी पाहिली आहे का? टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा नंबर भिंतीवर जरूर लिहा, पण आमच्याकडे आज तरी समुपदेशक म्हणजे त्या बाईच.

मुलींचे जास्त अवघड. वयात आलेली पोर मागे ठेवायची कुणाच्या भरवशावर, ही आईबापांची भीती खरी आहे, आणि त्या भीतीतून लग्ने उरकली जातात. मुलगी एकाएकी गप्प झाली, तर ते आधी वर्गशिक्षकालाच दिसते. मग मुलांच्या मदतीचा १०९८ हा नंबर फिरवायला कचरू नका, गावाचा रोष थोडा सोसावा लागला तरी.

माझी मागणी छोटी आहे. आपण पालकसभा जूनमध्ये घेता. आमच्या जिल्ह्यात ती दसऱ्याआधी घ्या. कोणते मूल जाणार, कोणत्या कारखान्यावर, कुणाचा फोन लागेल, राहणार असेल तर कुणाजवळ, हे तेव्हाच लिहून ठेवा. यादी हाताशी असली की मधूनमधून एक फोन होतो, आणि एप्रिलमध्ये कुणाची वाट पाहायची हे माहीत असते.

म्हणूनच दुपारच्या सत्राला आम्ही चार मुकादमांनाही बोलावले आहे. शिक्षकांच्या अधिवेशनात मुकादम कशाला, असे स्वागत समितीतच काहींनी विचारले. टोळी कुठे उतरणार, पोरे कुठे राहणार, हे मुख्याध्यापकाला सांगू शकेल असा दुसरा माणूस मला तरी माहीत नाही. त्यांना टोचून बोलू नका, बसवून घ्या आणि वही-पेन हाताशी ठेवा. जेवण एक वाजता आहे. आता मी अध्यक्षांना विनंती करतो की त्यांनी अधिवेशनाची सूत्रे हाती घ्यावीत.