कमावती आणि सही

आज ऐकूया स्पेनच्या अरांचा सांचेझची गोष्ट. १९८९ साली, अवघ्या १७ व्या वर्षी, तिनं स्टेफी ग्राफला हरवून टेनिसची फ्रेंच ओपन जिंकली. १९९५ मध्ये ती जगात पहिली आली. पैशांचा व्यवहार मात्र वडील बघायचे. २०१२ मध्ये तिनं सांगितलं, कमाई उरलीच नाही. आईवडिलांनी ते नाकारलं. पुढे बँकेचं देणं टाळायला मालमत्ता लपवल्याबद्दल २०२४ मध्ये बार्सिलोनाच्या कोर्टानं तिला दोन वर्षांची शिक्षा सुनावली. तुरुंगवास तेवढा टळला. सगळं नवरा बघायचा, असं तिचं म्हणणं. तरी दोषी दोघंही ठरले.

बायांनो, घरच्यांवर विश्वास जरूर ठेवा; पण पासबुक स्वतः बघा, आणि वाचल्याशिवाय सही-अंगठा देऊ नका.