लग्नानंतरचा हिशेब



बी.ए.ला आम्हाला 'जेन एअर' ही कादंबरी होती. सर जेनच्या स्वाभिमानावर भरभरून बोलत आणि आम्ही मुलं ते वहीत उतरवून घेत असू. ती अनाथ शिक्षिका, तो मोठ्या घराचा मालक रॉचेस्टर. शेवटी दोघांचं लग्न. पैशाचा विषय वर्गात कधी निघाला नाही. पन्नाशी उलटल्यावर ती पुन्हा वाचायला घेतली, तर या वेळी अडखळलो ते आकड्यांपाशी.

शार्लट ब्राँटीची ही कादंबरी १८४७ सालची. जेनला काकाकडून २० हजार पौंडांचा वारसा मिळतो. ती त्याचे चार वाटे करते. तिन्ही आतेभावंडांना पाच-पाच हजार, स्वतःला पाच हजार. मग ती रॉचेस्टरकडे परतते, कुणाची मिंधी न राहता. वाचणाऱ्यालाही बरं वाटतं. पण त्या काळच्या इंग्लंडच्या कायद्यानं लग्न लागताच बायकोची रोकड, दागिने आणि पुढची कमाईसुद्धा नवऱ्याची होई. नवरा-बायको कायद्याच्या लेखी एकच व्यक्ती, आणि ती व्यक्ती म्हणजे नवरा! श्रीमंत बाप वकील गाठून मुलीच्या नावे वेगळा ट्रस्ट करून ठेवत. जेनला बाप नव्हता, आणि असा कागद केल्याचं कादंबरीत कुठं दिसत नाही. म्हणजे ज्या पाच हजारांच्या बळावर ती ताठ मानेनं परतली, ते लग्नाच्या दिवशीच रॉचेस्टरचे झाले असणार.

आणि त्याच्या घरात वरच्या मजल्यावर कोंडलेली ती पहिली बायको, जमेकाची बर्था? तिच्याशी लग्न करताना रॉचेस्टरला ३० हजार पौंड मिळाले होते. माझ्या वहीत तिच्याबद्दल फक्त 'वेडी बायको' एवढेच दोन शब्द होते.

शार्लटची धाकटी बहीण ॲन. तिची 'द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल' १८४८ साली आली. आम्हाला तिचं नावही कुणी सांगितलं नव्हतं. खुद्द शार्लटलाही बहिणीनं निवडलेला विषय चुकीचा वाटला होता. मला मात्र ही कादंबरी जास्त धीट वाटते. हेलनचा नवरा दारुडा, बाहेरख्याली. लहान मुलाला घेऊन निघून जायचं आणि चित्रं विकून पोट भरायचं, असं ती ठरवते. नवरा तिची डायरी वाचतो आणि तिचे रंग, कुंचले सगळं आगीत टाकतो. अखेर ती पळतेच. भावाच्या पडक्या घरात नाव बदलून राहते, चित्रावर खोटी सही करून ते लंडनला पाठवते. कारण त्या चित्राचे पैसेसुद्धा कायद्यानं नवऱ्याचेच. बायकोची कमाई बायकोची, हे इंग्लंडच्या कायद्यानं १८७० साली मान्य केलं. तिची बाकी मालमत्ताही तिचीच, हे मान्य व्हायला १८८२ साल उजाडलं.

हे वाचताना माझ्या मनात आधी थोडा अभिमान आला, हे कबूल करतो. आमच्या शरियतमध्ये लग्नानंतरही बायकोची मालमत्ता तिचीच राहते. निकाहात मेहेरची रक्कम चारचौघांत उच्चारली जाते. ती नवऱ्यानं बायकोला द्यायची, तिच्या बापाला नव्हे. पण अभिमान फार वेळ टिकला नाही. अब्बांचा जनाजा उचलायच्या आधी नात्यातल्या बायकांनी अम्मीला विचारलं, "मेहेर माफ किया ना?" अम्मीनं पदराआडून मान हलवली. मी दारातच उभा होतो. रक्कम किती होती, हे मी तिला पुढं कधीच विचारलं नाही.

हेलनचा नवरा पुढं आजारी पडतो आणि ती त्याच्या शुश्रूषेला परत जाते. आजच्या काही वाचकांना हे आवडत नाही. मलाही पहिल्यांदा आवडलं नव्हतं. पण ती रिकाम्या हातानं जात नाही. तो मुलाला पाहायला मागतो, तेव्हा ती त्याच्यासमोर कागद ठेवते. मुलगा माझ्या ताब्यात राहील, मला हवं तेव्हा मी त्याला घेऊन जाईन, असं लिहून दे. कोर्टात त्या कागदाला किती किंमत मिळाली असती, शंकाच आहे. तो कुरकुरतो, ती ऐकत नाही. रेचल या जुन्या दासीला साक्षीला बोलावते, त्याची सही घेते आणि मगच मुलाला खोलीत आणते.