शुश्रूषेचे तास



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांना वंदन करून मी विषयास आरंभ करतो. ह्या शाळेच्या काही माजी विद्यार्थिनी आज रुग्णालयांत परिचारिका आहेत. त्यांच्या कामाचे तास हा आजचा विषय. भाषेच्या अध्यापकाने त्यात का पडावे, असे कोणी विचारील. माझे उत्तर एका शब्दात आहे, आणि तो शब्द म्हणजे 'शुश्रूषा'.

'श्रु' ह्या धातूच्या इच्छार्थक रूपापासून हा शब्द सिद्ध झाला. त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. त्यातून आज्ञापालन, सेवा आणि आजाऱ्याची देखभाल असा अर्थविस्तार होत गेला. चरकसंहितेने वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी असे चिकित्सेचे चार पाद मानले. उपचारांचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी माया आणि शुचिता हे परिचारकाचे गुण सांगितले. ह्यांतील ज्ञान एकदा मिळवले की टिकते. दक्षता आणि माया मात्र थकव्याने झिजतात, आणि ऐकण्याची इच्छा तर सर्वांच्या आधी.

आपल्या आदिलाबादेत हे ऐकणे विशेष कठीण. येथील रिम्स ही वैद्यकीय शिक्षणसंस्था २००८ साली सुरू झाली. तेथे तेलुगू, उर्दू, मराठी, गोंडी, कोलामी, लंबाडी अशा भाषा बोलणारे रुग्ण येतात. पैनगंगेपलीकडच्या गावांतूनही येतात. पावसाळ्यानंतर डोंगराळ भागातील तापाचे रुग्ण वाढतात. उटनूरकडची गोंड माता लेकराचे दुखणे स्वतःच्या भाषेत सांगते, तेव्हा ते समजून घेण्यास धीर लागतो. अकराव्या तासाला तो धीर कोठून आणावा?

अनेक सरकारी रुग्णालयांत सकाळी सहा तास, दुपारी सहा तास आणि रात्री बारा तास अशा पाळ्या असतात. बदली परिचारिका आली नाही, तर पाळी लांबते. भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक शिक्षण-रुग्णालयात तीन खाटांमागे एक आणि सामान्य रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका असा आहे. हा दंडक न पाळण्याचे मोल रुग्णही देतो. अमेरिकेत लिंडा एकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या बाबतीत, परिचारिकेवरील प्रत्येक वाढत्या रुग्णामागे तीस दिवसांच्या आत मृत्यू येण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढलेली आढळली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९७७ साली परिचर्येविषयी केलेल्या शिफारशीत, जादा काम धरूनही दिवस बारा तासांपलीकडे जाऊ नये आणि दोन पाळ्यांमध्ये सलग बारा तासांची विश्रांती मिळावी, असे सुचविले आहे.

मग परिचारिकेने करावे काय? रात्रपाळीनंतरची झोप ही तिच्या कामाचाच भाग आहे, असे आधी तिने स्वतः मानावे. खोली अंधारी व शांत ठेवावी, पहाटेनंतर चहा टाळावा, रात्री सोय असेल तेथे सहकारिणीच्या संमतीने अल्पशी डुलकी घ्यावी. चार्ज देताना स्मरणावर विसंबू नये. औषधाची मात्रा व वेळ लिहून, वाचून दाखवून मगच निघावे. पाळ्या बदलताना सकाळ, दुपार, रात्र हा क्रम शरीरास त्यामानाने सोसतो. वेळापत्रक करणाऱ्यांनी तो सांभाळावा.

परंतु ह्या उपायांना घराची साथ लागते. सकाळी नऊला घरी आलेल्या सुनेपुढे कणकेची परात ठेवणारे घर तिला दुसरी पाळी लावत असते. मुलगा रात्रपाळी करून आला, तर आपण घरात पावले न वाजवता वावरतो. सून आली तरी तसेच वावरावे.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील अरुणा शानबाग ह्यांचे स्मरण येथे अटळ आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी काम संपवून त्या तळघरात कपडे बदलण्यास गेल्या असता त्यांच्यावर प्राणघातक अत्याचार झाला. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, सुमारे बेचाळीस वर्षे, त्या रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांचा सांभाळ केला. एक पिढी निवृत्त झाली, दुसरीने चार्ज घेतला. ह्या सेवेपुढे मस्तक नमते. पण तिचे गुणगान करताना एक प्रश्न आपण टाळतो : काम संपवून निघालेल्या परिचारिकेला कपडे बदलण्यास सुरक्षित खोली का नव्हती?

परिचारिकेला देवदूत म्हणण्यात आपली एक सोयही आहे. देवदूताला झोप, भूक, पगार ह्यांची गरज नसते. बाईला ती असते. म्हणून माझी माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे, की आपल्यापैकी जे रुग्णालयांच्या समित्यांवर, पंचायतींत वा कचेऱ्यांत आहेत, त्यांनी रिकाम्या पदांची संख्या विचारावी, विश्रांतीच्या खोलीला आतून कडी आहे का ते पाहावे, आणि रात्री सुटणाऱ्या परिचारिकेच्या वाहनाची चौकशी करावी.

आपण इतका वेळ शांतपणे ऐकलेत. मूळ अर्थाने हीदेखील शुश्रूषाच. ती परिचारिकांच्या वाट्यालाही यावी, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.